जेवू घालणारा आणि जेवणारा



दिवाळीला आठ-दहा दिवस राहिले असताना आमच्या शाळेत एक पत्र आले. कोल्हापुरातील एका मोठ्या हॉटेलच्या मालकांचे ते पत्र होते. 'आम्ही समाजाचे काही देणे लागतो, या भावनेने दिवाळीच्या निमित्ताने चाळीस गरीब मुलांना आमच्या हॉटेलात मिष्टान्नभोजन देण्याचे योजिले आहे. तरी मुलांची यादी पाठवावी,' असा मजकूर होता. मुख्याध्यापकांनी पत्र माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "तुमच्या भागातली मुलं तुम्हालाच जास्त ठाऊक. नावं काढा."

'तुमच्या भागातली' याचा अर्थ मला कळला, त्यांनाही तो कळत होता. असो. मी संध्याकाळी वस्तीत गेलो.

तिसऱ्याच घरी अडलो. त्या घराने धम्मदीक्षा घेतल्याला वर्षही झाले नव्हते. मुलीची आई भाकरी थापता थापता म्हणाली, "सर, घरातले देव आम्ही पंचगंगेत सोडले. आता दिवाळीच्या जेवणाला पोरगी कशी धाडू? लोक म्हणतील, ह्यांनी देव सोडले, पण लाडू सोडवंनात."

मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पदवी हाती आली म्हणजे सगळ्या प्रश्नांची उत्तरे खिशात आली, असे वस्तीला वाटते आणि कधी कधी आपल्यालाही वाटू लागते. पण या माउलीने विचारलेला प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता. तिच्याकडे पोट आणि स्वाभिमान एकाच ताटात आले होते. नवदीक्षित कुटुंबांपुढे असे प्रसंग वारंवार येतात, म्हणून त्याविषयी मोकळेपणाने लिहितो.

तिच्या प्रश्नाचा सोपा भाग आधी संपवतो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांची पूजा करणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. दुसऱ्याच्या सणाला त्याच्या घरी जेवणार नाही, अशी प्रतिज्ञा नाही. तेथे आरती म्हणावयास लावली, लक्ष्मीपुढे हात जोडावयास सांगितले, तर मुलांनी नम्रपणे नाही म्हणावे. तेवढे त्यांना शिकवून पाठवावे. लाडवाला धर्म नसतो. भूक तर पंचांग पाहून लागत नाही.

भुकेविषयी धम्मपदाच्या अट्ठकथेत एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आळवी नगरात गेले होते. एका गरीब शेतकऱ्याला त्यांचे प्रवचन ऐकावयाचे होते, पण त्या दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून, दावणीला लावून तो धापा टाकीत आला तेव्हा संघाचे भोजन आटोपले होते आणि लोक उपदेशाची वाट पाहत बसले होते. बुद्ध मात्र बोलेनात. त्यांनी व्यवस्था पाहणाऱ्याला विचारले, अन्न काही शिल्लक आहे काय? मग त्या शेतकऱ्याला बसवून, वाढून, त्याचे पोट भरल्यावरच त्यांनी धम्म सांगावयास आरंभ केला. भिक्खूंत कुजबुज झाली, की हे असे पूर्वी कधी घडले नव्हते. बुद्धांनी त्यांना समजावले, की उपाशी माणसाच्या वेदनेत उपदेश शिरत नाही. मी वर्गात चौथ्या तासाला शिकवतो. उपाशी आलेले पोर त्या वेळी फळ्याकडे पाहत असते, पण वाचत नसते. अट्ठकथा वाचण्याआधीच हे मला ठाऊक होते.

तेव्हा जेवण नाकारण्याजोगे नाही. कठीण भाग पुढे आहे. हे जेवण कोणी, कोणाला, कोणत्या रीतीने घातले?

श्रावस्तीचा सुदत्त श्रेष्ठी आपण सारे जाणतो. त्याचे नाव लोक विसरले आणि अनाथपिंडिक, म्हणजे अनाथांना घास घालणारा, हेच त्याचे नाव झाले. जेतवन विहार उभारून संघाला देणारा हा माणूस. अंगुत्तर निकायात त्याचा आणि तथागतांचा एक संवाद आहे. बुद्ध विचारतात, गृहपती, तुझ्या घरी दान दिले जाते ना? तो म्हणतो, दिले जाते. पण जाडेभरडे, कण्यांचा भात आणि त्याबरोबर आंबट कांजी. त्याच्या स्वरात संकोच आहे. त्यावर बुद्ध त्याला पदार्थांविषयी काहीच बोलत नाहीत. अन्न भारी असो की हलके, ते आदराने दिले काय, आपल्या हाताने दिले काय, टाकून द्यावयाचे म्हणून तर दिले नाही ना, हे ते त्याच्यापुढे ठेवतात. आणि त्याच उपदेशात ते वेलाम नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतात. त्याने सोन्यारुप्याची पात्रे भरभरून महादान केले. पण पंचशील पाळणे आणि क्षणभर का होईना मैत्रीचे चित्त ठेवणे त्याहून मोठे, असे बुद्धांचे म्हणणे आहे.

आपल्या आज्यांनी कण्या शिजवूनच आपल्या बापांना वाढवले. कण्या वाढणाराचा हातही दानाचा हात असू शकतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले आहे. आणि पंचपक्वान्ने वाढणाराचा हात तसा असेलच असे नाही, हेही.

आता आमच्या चाळीस मुलांचे काय झाले ते सांगतो. ती आई अखेर 'बरं' म्हणाली आणि मी मुलांना घेऊन गेलो. हॉटेलात मोठे कापडी फलक लावले होते. मुलांना रांगेने बसवले, ताटे वाढली आणि कोणी घासाला हात लावायच्या आत सांगण्यात आले, की थांबा, फोटो व्हायचे आहेत. मुलांनी ताटे छातीशी उचलून धरली. एक पाहुणे यायचे होते, त्यांची वाट पाहिली. ते आले, बोलले. पुऱ्या फुगलेल्या आल्या होत्या, त्या बसल्या. मग मुलांकडून 'धन्यवाद काका' असे तीनदा म्हणवून घेतले. मालक स्वभावाने वाईट नव्हते, हे मला प्रांजळपणे लिहिले पाहिजे. ते टेबलांमधून फिरत होते, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवीत होते. पण ते स्वतः जेवले नाहीत, त्यांची मुलेही जेवली नाहीत. त्यांची मुले काचेच्या दारापलीकडून पाहत उभी होती.

त्या घरच्या मुलीने दोन लाडू रुमालात बांधले, घरी धाकटा भाऊ होता म्हणून. वाढप्याने पाहिले आणि 'इथं खायचं, न्यायचं नाही' असे सर्वांदेखत बजावले. तिने लाडू पुन्हा ताटात ठेवले. थोड्या वेळाने भटारखान्यातून एक म्हातारे आचारी बाहेर आले आणि तिच्या दप्तरात कागदाची पुडी सरकवून परत आत गेले. त्यांचा फोटो कोणी काढला नाही.

एकाच छपराखाली, एकाच लाडवाचे दोन अर्थ मी त्या दिवशी पाहिले.

मराठीत 'देणे' हा शब्द मोठा मजेदार आहे. देणे म्हणजे दान, आणि देणे म्हणजे कर्जही. 'समाजाचे देणे लागतो' असे आपण म्हणतो, तेव्हा तो दुसरा अर्थ असतो. वाण्याची उधारी फेडताना आपण त्याच्याकडून तीनदा धन्यवाद म्हणवून घेतो काय? फोटो काढतो काय? ज्याचे फेडावयाचे त्याच्यापुढे माणूस जरा खालमानेनेच उभा राहतो. तेव्हा मालकांनी पत्रात लिहिलेला शब्द खरा होता. वागणे त्या शब्दाप्रमाणे झाले नाही, एवढेच. हॉटेलच्या धंद्यात हे देणे बरेच जुने आहे. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलात आणि ढाब्यावर कामाला ठेवण्यास बंदी व्हायला २००६ सालचा ऑक्टोबर उजाडावा लागला. तोवर कपबश्या विसळणारी पोरे कोणत्या वस्त्यांतून येत होती, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. ज्याला परतफेड करावयाची आहे त्याने प्रथम आपल्या मोरीवरच्या माणसाची मजुरी पाहावी. दिवाळीचे ताट त्यानंतर.

येथे मला आपल्याच कोल्हापुरातले एक हॉटेल आठवते. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी 'सत्यसुधारक' या नावाने चहाचे हॉटेल काढले होते. गंगाराम हे मूळचे शाहू महाराजांच्या पागेतील नोकर. महाराज दिल्लीला गेले असताना सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारले. परत आल्यावर महाराजांना हे कळले. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितले, की नोकरी सोड, स्वतःचा धंदा कर. भांडवलही दिले.

बहुतेक राजे येथे थांबले असते, आणि थांबले असते तरी इतिहासाने त्यांना दानशूर म्हटले असते. पण हॉटेल निघाले, स्वच्छ होते, चहा चांगला होता, तरी स्पृश्य गिऱ्हाईक पायरी चढेना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हा महाराजांची गाडी त्या हॉटेलापुढे थांबू लागली. ते गंगारामला हाक मारून चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठे मंडळींना पाजीत. ज्यांना कागदावर महाराजांची सही हवी असे, त्यांनाही तेथेच गाठ घालावी लागे, असे सांगतात.

बंधूंनो, या गोष्टीत दान कोणी कोणाला दिले? भांडवल महाराजांनी दिले, हे खरे. पण पैशाने गंगारामांचे हॉटेल उभे राहिले, चालले नाही. ते चालले महाराजांनी कप हातात घेतला तेव्हा. राजाने देण्यापेक्षा राजाने घेण्याने ते काम झाले. महाराज १९२२ साली वारले. पुढे नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारण्यात याच गंगाराम कांबळ्यांनी पुढाकार घेतला. धन्यवाद म्हणण्याची ही एक रीत झाली. ती कोणी म्हणवून घेतली नव्हती.

आपल्या समाजाचे दुःख नुसते उपासमारीचे कधीच नव्हते. बाबासाहेबांनी लहानपणची हकीकत लिहून ठेवली आहे. साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनवर उतरली आणि पुढे बैलगाडीने गेली. डबे अन्नाने भरलेले होते. पण वाटेत प्यायला पाणी कोणी देईना, आणि पाण्यावाचून जेवता येईना. भरल्या डब्यांपाशी पोरे उपाशी झोपली. अन्नदान करणाऱ्यांनी ही हकीकत जरूर वाचावी. त्या रात्री त्या मुलांना लाडू नको होते.

उलट बाजूही आजची आहे. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित बाई मध्यान्ह भोजन रांधते म्हणून सवर्ण मुलांनी जेवण नाकारले. सरकारी तांदूळ, सरकारी डाळ. फक्त हात कोणाचा हा प्रश्न होता. जेवू घालावयास पुष्कळ तयार असतात. आपल्या हातचे खावयास किती तयार आहेत, हे मोजले पाहिजे.

तथागत स्वतः काय करीत होते? आयुष्यभर ते घेणारे होते. पात्र हाती घेऊन ते दारोदार गेले. वैशालीच्या आम्रपाली गणिकेचे आमंत्रण त्यांनी स्वीकारले; लिच्छवींच्या राजपुत्रांनी ते जेवण आपल्याला द्यावे म्हणून तिला लाखाचे मोल देऊ केले, तिने दिले नाही, आणि बुद्धही तिला दिलेला शब्द सोडून त्यांच्याकडे गेले नाहीत. शेवटचे जेवण त्यांनी पावा येथे चुंद नावाच्या लोहाराघरी घेतले. ते जेवण बाधले, तेव्हा चुंदाला जन्मभर टोचणी लागू नये म्हणून त्यांनी आनंदाला मुद्दाम सांगून ठेवले, की तुझ्या हातचे अन्न थोर ठरले असे त्याला सांगा. अखेरच्या आजारात त्यांना काळजी होती ती वाढणाराच्या मनाची. अशा शास्त्याच्या मार्गात घेणारा लहान आणि देणारा मोठा हा हिशेब बसतच नाही.

आपल्या जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊराव पाटलांनीही हे ओळखले होते. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्याच्या समारंभाला विद्यार्थी भाऊराव गेले, आणि त्यांच्या स्वतःच्या बोर्डिंगात परत आल्यावर त्यांना स्नान करून शुद्ध व्हावयास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला व बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी जे वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले स्वतः रांधीत आणि एकत्र जेवीत. मुलांचे पोट भरण्यासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. पण त्या मुलांपैकी कोणाला वाटले नसेल, की आपण कोणाच्या दारी जेवतो आहोत. ज्याने पीठ मळले, लाकडे फोडली, तो पाहुणा नसतो, घरचा असतो.

आता थोडे आपल्याविषयी, कारण बोट दुसऱ्याकडे दाखवणे सोपे आहे. चौदा एप्रिलला, वैशाख पौर्णिमेला आपणही भोजनदान करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या विहारात खीरदान होते. रस्त्याकडेच्या पालातली, भटक्या जमातीची सहा-सात मुले आली. आमच्यापैकीच एकाने त्यांना 'तिकडं, पायरीखाली बसा' म्हणून सांगितले. मी तेथे होतो, हातात पळी होती. मी त्यांना खाली जाऊन वाढले. वर बोलावले नाही. खिरीत काही कमी नव्हते. दीक्षा घेतलेल्या हातानेच ती वाढली होती. त्या हॉटेलातील काचेच्या दाराविषयी मी वर जे लिहिले, ते लिहिताना मला ही पायरी दिसत होती.

त्या दिवाळीनंतर मी मालकांना जाऊन भेटलो. रागाने गेलो नाही. म्हटले, पुढच्या वर्षी बोलवा, मुले येतील. पण फलक नको, फोटो जेवणानंतर मुलांना विचारून, आणि आपण व आपली मुले त्याच पंगतीत. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "सर, हे कुणी सांगितलं नव्हतं." मला वाटते ते खरे बोलत होते. दयेची रीत सगळे शिकवतात, पंगतीची कोणी शिकवत नाही. दुसऱ्या वर्षी ते जेवावयास बसले. त्यांच्या मुलाने आणि आमच्या मुलांनी लाडवांची पैज लावली. घरी न्यायच्या पुड्या त्या म्हाताऱ्या आचाऱ्यांनीच बांधून तयार ठेवल्या होत्या, त्या मालकांच्या परवानगीने की आधीपासूनच, हे मी विचारले नाही.

मग मी एक पाऊल पुढे टाकले. वैशाख पौर्णिमेला वस्तीतल्या विहारात खिरीसाठी त्यांना मुलांच्या हस्ते आमंत्रण धाडले. वस्तीत यावरून वादही झाला. काही तरुणांना हे लाचारीचे वाटले. मी म्हटले, लाचार माणूस जेवायला बोलावीत नसतो.

मालक आले. चप्पल बाहेर काढून, पायऱ्या चढून आत येऊन बसले. या वेळी पालातली मुलेही पंगतीत होती, मालकांच्या डाव्या हातालाच. त्या मुलीची आई वाढत वाढत त्यांच्यापाशी आली, तेव्हा ते ताटावर हात आडवा धरून म्हणाले, "ताई, आज माझा उपवास असतो."

पंगत क्षणभर थबकली. उपवास खरा होता की काय होते, मला सांगता येणार नाही. माणसाच्या तोंडावर सगळेच लिहिलेले नसते. मी काही बोलणार, तोच ती माउली शांतपणे म्हणाली, "मग बसा जरा. चहा ठेवते. चहा चालतो न्हवं उपासाला?"

ती आत गेली. आम्ही सगळे तिच्या स्टोव्हचा आवाज ऐकत बसलो. कपबशी घेऊन ती बाहेर आली, आणि मालकांनी हात पुढे केला.